अमेरिकन शेतकरी: ट्रकच्या जाहिरातीत देवमाणूस, कॉमेडीत येडा

प्रश्न असा आलाय की "अमेरिकेत जाहिरातीतला शेतकरी कायम देवमाणूस असतो आणि कॉमेडीत तोच शेतकरी येडा असतो, मग खरा कुठला आणि हे ठरवतं कोण?" ठरवण्याच्या पापात थोडा वाटा माझाही आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे मधल्या शेतीच्या पट्ट्यात, 19 वर्षं अ‍ॅग्री अ‍ॅडव्हर्टायझिंग करतोय, बियाणं, ट्रॅक्टर, तणनाशक, पीकविमा, सगळं विकून झालंय. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याच एका शूटची गोष्ट सांगतो. आयोवामध्ये मका आणि सोयाबीन करणारा एक शेतकरी आम्ही निवडला होता. मॉडेल नाही, खराखुरा शेतकरी, कारण क्लायंटला ऑथेंटिक पाहिजे होतं. सकाळी गडी आला तो पोलो टीशर्ट, गॉगल आणि हातात टॅबलेट घेऊन. क्लायंटच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हा शेतकरी वाटत नाहीये ना?" मग चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट आणला, जुलै महिना, वर ऊन मी म्हणतंय, आणि या माणसाला जाड शर्ट घालून उभा केला. त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता, किंमत एखाद्या बऱ्यापैकी घराएवढी, जीपीएसवर आपोआप सरळ तास धरणारा. तो चालला नाही, बॅकग्राउंडला चाळीसच्या दशकातला एक लाल ट्रॅक्टर भाड्याने आणला. त्याच्या बायकोला हातात सफरचंदांची टोपली धरायला सांगितली. त्यांच्या शेतात सफरचंदाचं एक झाड नाही आणि ही बाई काढणीच्या सीझनमध्ये दिवसाला बारा तास कंबाइन चालवते, वर सगळा हिशोब तिच्याकडे. तो शेतकरी शेवटी एवढंच म्हणाला, "माझा फोटो काढताय की माझ्या आजोबांचा?"

सगळं उत्तर खरं तर या एका वाक्यात आहे. जाहिरातवाले आणि कॉमेडीवाले दोघंही त्याच्या आजोबांचाच फोटो काढतात. सामान तेच असतं, ओव्हरऑल, गवताची काडी तोंडात, लाल बार्न (शेतावरचं लाकडी कोठार), खटारा गाडी, दाताळं. जाहिरातवाला खाली कॅमेरा लावून वर बघतो, कॉमेडीवाला वरून खाली बघतो, बाकी काही फरक नाही. आपल्याकडे नाही का, भाषणात बळीराजा आणि भाषण संपल्यावर गावंढळ, माणूस एकच!

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी 2013 ची सुपर बोलमधली (अमेरिकन फुटबॉलची फायनल) रॅम ट्रकची जाहिरात. दोन मिनिटांची. नुसते स्थिर फोटो, संगीत जवळपास नाहीच, आणि वर पॉल हार्वे या रेडिओवाल्याचा आवाज. हार्वे 2009 मध्येच वारला होता, भाषण 1978 चं, शेतीतल्या पोरांच्या एफएफए संघटनेच्या अधिवेशनातलं. सार असं की आठव्या दिवशी देवाने आपल्या सृष्टीकडे पाहिलं, म्हणाला हिची राखण करायला कुणीतरी पाहिजे, म्हणून देवाने शेतकरी केला. त्या वर्षी सुपर बोलमध्ये अर्ध्या मिनिटाचा भाव जवळपास 40 लाख डॉलर होता, आजूबाजूला सगळा धांगडधिंगा, नाचगाणी, आणि मध्येच ही दोन मिनिटांची शांतता. आमच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी लोक रडले होते, मी पण. धंदेवाईक म्हणून सांगतो, अप्रतिम काम आहे. फोटो काढणारे नॅशनल जिऑग्राफिकच्या तोलाचे.

पण ती जाहिरात शेतकऱ्यासाठी नव्हतीच, हे लोक विसरतात. शेतकऱ्याला पिकअप लागतोच, तो काय रडून ट्रक घेणार नाही, तो डीलरशी घासाघीस करून घेईल. जाहिरात होती शहराबाहेरच्या कॉलनीत राहणाऱ्या, ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी, जो ट्रकमधून जास्तीत जास्त मुलाचं फुटबॉलचं सामान नेतो आणि ज्याला मनातून वाटत असतं की आपल्या आजोबांएवढे आपण कामाचे राहिलो नाही. त्याची ती खंत विकली. शेतकरी तिथे माल नव्हे, मसाला होता.

आणि लगेच विडंबनं आली. एका कॉमेडी साइटने तीच चाल, तोच गंभीर आवाज घेऊन "देवाने फॅक्टरी शेतकरी केला" असं करून दाखवलं, कोंडलेल्या कोंबड्या वगैरे. दुसरी टीका जास्त बोचरी होती, ती म्हणजे या फोटोंमध्ये शेतात राबणारे मेक्सिकन हात जवळपास दिसतच नाहीत. खरंय ते. अमेरिकेत पिकांवर मजुरी करणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक परदेशात जन्मलेले आहेत, आणि जवळपास 40 टक्क्यांकडे कागदपत्रं नाहीत. 1920 मध्ये काळ्या शेतकऱ्यांची संख्या सव्वानऊ लाखाच्या घरात होती, म्हणजे देशातल्या दर सात शेतकऱ्यांमागे एक, आज ती 50 हजाराच्याही खाली आहे. कॅलिफोर्नियात युबा सिटीच्या आसपास पीच आणि बदामाच्या बागा करणारे पंजाबी शीख शंभर वर्षांपासून आहेत, त्यातला एक सरदारजी तरी राष्ट्रीय ट्रकच्या जाहिरातीत पाहिलाय का? मी तरी नाही. एका कास्टिंगच्या वेळी मी नाव सुचवलं होतं तर "कन्फ्यूजिंग होईल" असं उत्तर आलं. कुणाला होईल ते नाही सांगितलं.

एक मात्र जाहिरातवाल्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे, सुरकुतलेला म्हातारा चेहरा ही थाप नाही. 2022 च्या कृषी गणनेत तिथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय 58.1 निघालं. थाप आहे ती "छोटं कुटुंब, छोटी शेती" या चित्रात. त्याच गणनेत शेतं 19 लाख, सरासरी आकार 463 एकर, आणि वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर विक्री करणारी शेतं सहा टक्क्यांच्या आसपास, पण एकूण शेतमालाच्या विक्रीतला तीन चतुर्थांशापेक्षा जास्त वाटा त्यांचा! उरलेल्यांपैकी कितीतरी जण नोकरी करून शेती सांभाळतात, कारण नोकरीचा आरोग्यविमा पाहिजे असतो. सकाळी शाळेची बस चालवणारा आणि संध्याकाळी गुरांना चारा टाकणारा शेतकरी मी डझनाने पाहिलेत, जाहिरातीत एकही नाही.

आता जरा मागे जाऊ. हा देव आणि येडा प्रकार काही टीव्हीने आणलेला नाही. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनने जमीन कसणाऱ्यांना देवाने निवडलेली माणसं म्हणून ठेवलं होतं (स्वतः मात्र गुलामांकडून कसून घेत होता, हा भाग सोयीने विसरतात). 1867 ला ग्रेंज नावाची शेतकऱ्यांची संघटना निघाली, पुढे ती रेल्वे आणि दलालांविरुद्ध लढली. त्या काळातलं 1875 चं एक छापील चित्र मला फार आवडतं, मधोमध शेतकरी आणि त्याच्या बाजूला इंग्रजीत "मी तुम्हा सगळ्यांना खाऊ घालतो", भोवती बाकीचे, राष्ट्राध्यक्ष म्हणतो मी सगळ्यांवर राज्य करतो, पाद्री म्हणतो मी सगळ्यांसाठी प्रार्थना करतो, वकील म्हणतो मी सगळ्यांची बाजू मांडतो, आणि ब्रोकर म्हणतो मी तुम्हा सगळ्यांना लुबाडतो. एकाच कागदावर जाहिरात आणि टोमणा दोन्ही, आणि दोन्ही शेतकऱ्याच्या बाजूचे! असं परत क्वचितच झालं.

कारण पुढे 1890 च्या दशकात शेतकऱ्यांनी पॉप्युलिस्ट पार्टी काढून मतं घ्यायला सुरुवात केल्यावर न्यूयॉर्कच्या व्यंगचित्रवाल्या साप्ताहिकांनी त्यांना धुवून काढलं. कॅन्ससचा सिनेटर पेफर, त्याची पोटापर्यंत दाढी, ती दाढी म्हणजे कार्टूनवाल्यांना लॉटरीच. तिथलाच जेरी सिम्पसन, त्याने प्रचारात प्रतिस्पर्ध्याच्या रेशमी मोज्यांवर टीका केली तर पेपरवाल्यांनी यालाच "बिनमोज्याचा जेरी" करून टाकलं. गंमत अशी की त्याने ते नाव आनंदाने मिरवलं आणि 1890 ला निवडून आला. शेतकरी गप्प राबत असला की पूज्य, भाव मागायला उभा राहिला की विनोदी. हे मी नुसतं अमेरिकेबद्दल बोलतोय बरं का.

अमेरिकन गॉथिक हे चित्र तर तुम्हाला माहीतच असेल, दाताळं घेतलेला टकला म्हातारा आणि शेजारी आंबट चेहऱ्याची बाई. ग्रँट वुडने 1930 ला काढलं, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात 300 डॉलरचं बक्षीस मिळालं. त्या चित्रात शेतकरी एकही नाही! पुरुष म्हणजे त्याचा डेंटिस्ट, बाई म्हणजे त्याची सख्खी बहीण, मागचं घर आयोवामधल्या एल्डन गावचं, रस्त्यात दिसलं आणि खिडकी आवडली म्हणून घेतलं. चित्र छापून आल्यावर आयोवाच्या शेतकऱ्यांच्या बायका भडकल्या की आम्ही काय अशा दिसतो का. ही चेष्टा आहे की सलाम, हे लोकांना ठरवता येईना. आणि तेच जाहिरातीला परवडतं, दोन्ही बाजूंनी वापरता येतं. कॉर्नफ्लेक्सवाल्यांनी वापरलं, ऑरगॅनिक बिस्किटांच्या पाकिटावर नट पॉल न्यूमन आणि त्याची मुलगी त्याच पोझमध्ये उभे राहिले, आणि फोटोग्राफर गॉर्डन पार्क्सने 1942 ला वॉशिंग्टनमध्ये सरकारी ऑफिसात झाडूपोछा करणाऱ्या एला वॉटसन या काळ्या बाईला अमेरिकेच्या झेंड्यापुढे झाडू आणि मॉप देऊन तसंच उभं केलं, तिथे त्या पोझची सगळी हवा निघून गेली. वुडच्या बहिणीने पुढे म्हातारपणी काही उघड्यावाघड्या विडंबनांवर कोर्टात दावे लावले, ते वेगळंच.

टीव्हीचं थोडक्यात सांगतो. साठच्या दशकात सीबीएस या टीव्ही चॅनलवर गावाकडच्या कॉमेडी मालिकांचा पूर होता. त्यातली ग्रीन एकर्स मला हुशार वाटते, कारण तिथे येडा शेतकरी नसतोच, येडा असतो मॅनहॅटनचा वकील, जो शेती करायची म्हणून गावात येतो आणि थ्री पीस सूट घालून नांगरट करतो. तो शेतकऱ्याच्या महानतेवर भाषण ठोकायला लागला की मागे कुठूनतरी देशभक्तीची बासरी वाजते आणि गावकरी विचारतात हा आवाज कुठून येतोय. म्हणजे ट्रकच्या जाहिरातीची टिंगल तिने जवळपास पन्नास वर्षं आधीच करून ठेवली होती! 1971 पर्यंत चॅनलने या सगळ्या मालिका एका फटक्यात बंद केल्या, काही अजून चांगल्या चालत होत्या तरीही. प्रेक्षक कमी झाले म्हणून नाही, तर प्रेक्षक म्हातारे आणि गावातले होते आणि जाहिरातदारांना तरुण आणि शहरी पाहिजे होते म्हणून. शेतकऱ्यावर हसायचं की नाही हेसुद्धा शेवटी शाम्पू विकणाऱ्यांनी ठरवलं.

अलीकडे दोन्ही धंदे एकत्रच झालेत. चिपोटले या बरिटोवाल्या कंपनीने 2014 ला चक्क चार भागांची विनोदी मालिका काढली, त्यात खलनायक म्हणजे औद्योगिक शेती, पेट्रोलपासून केलेलं पशुखाद्य आणि ते खाऊन गाय फुटते. म्हणजे सटायर (उपहास) हीच जाहिरात. शहरात हशा, आणि इकडे माझ्या शेतकरी क्लायंटांचे फोनवर फोन, की आम्ही काय गाई फोडतो का. आणि 2020 चा बर्गर किंगचा प्रकार तर विचारू नका, गाईंच्या चाऱ्यात गवती चहा घालून मिथेन कमी करू म्हणून काउबॉयचे कपडे घातलेल्या एका पोराला गाईच्या पादण्यावर गाणं म्हणायला लावलं. आता गोठ्यात एक आठवडा घालवलेल्या माणसालाही माहीत असतं की मिथेनचा बहुतेक भाग ढेकरेतून येतो, मागून नाही. शेतकरी चिडले ते टिंगल केली म्हणून कमी आणि टिंगल चुकीच्या टोकाची केली म्हणून जास्त.

शेतकऱ्यांना विनोद कळत नाही असं मात्र कृपा करून समजू नका. ऑगस्ट 2019, मिनेसोटामधलं फार्मफेस्ट, चीनबरोबरच्या टॅरिफ भांडणात सोयाबीनचा भाव पडलेला, आणि तेव्हाचे कृषिमंत्री सनी पर्ड्यू स्टेजवरून विनोद करतात, तळघरात दोन शेतकरी बसले तर त्याला काय म्हणायचं, तर वाईन सेलर. इंग्रजीत सेलर म्हणजे तळघर, आणि दारू आणि रडगाणं या दोन्हीचा उच्चार वाईन असाच होतो, म्हणजे हे लोक नुसते रडतात. काही जण हसले आणि मग हुर्यो झाली. विनोद वाईट नव्हता हो, पण तो सांगणाऱ्याच्या पक्षानेच भाव पाडला होता! घरचा माणूस बोलला तर चालतं, भाव पाडणारा बोलला की लागतं.

माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक सटायर टीव्हीवरचा कॉमेडियन स्टीफन कोलबेअरचं, सप्टेंबर 2010 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढचं. शेतमजुरांच्या युनियनने "या, आमच्या नोकऱ्या घ्या" अशी मोहीम काढली होती, म्हणजे परदेशी मजूर नोकऱ्या पळवतात म्हणता ना, मग या शेतात. कोलबेअर एक दिवस जाऊन शेतात राबला आणि आपल्या टीव्हीवरच्या आडमुठ्या पात्राच्या सोंगात साक्ष द्यायला बसला. म्हणाला, मला माहीत नव्हतं पण बहुतेक माती जमिनीच्या पातळीला असते. यावर दिवसभर वाकून बीन्स तोडलेला माणूसच हसेल. आणि शेवटी कुणीतरी विचारलं हाच विषय का, तर सोंग बाजूला ठेवून म्हणाला, ज्यांच्या हातात काही सत्ता नाही अशांबद्दल बोलायला मला आवडतं. बघा, शेतावरचा सगळ्यात चांगला विनोद मालकावर नव्हताच, मजुरावरही नव्हता, आपल्यावर होता, खाणाऱ्यांवर.

बरं, पैशाचं. लोकांना माहीत नसतं की शेतकरी आपल्या जाहिरातींचे पैसे स्वतः भरतो. चेकऑफ म्हणतात त्याला, गुरं विकली की दर जनावरामागे 1 डॉलर कापून जातो, दुधाला शंभर पौंडांमागे 15 सेंट, सक्तीचे. त्यातून बीफच्या आणि दुधाच्या जाहिराती होतात, आणि त्यात दिसतं काय, तर स्टेक आणि दूध. कॅलिफोर्नियाच्या दूध मंडळाच्या जाहिरातीत तर हिरव्या डोंगरावर गप्पा मारणाऱ्या आनंदी गाई होत्या, शेतकरी नावालाच. प्राणीमित्र संघटना पेटाने 2002 मध्ये खोटी जाहिरात म्हणून कोर्टात खेचलं, तर कोर्ट म्हणालं, मंडळ सरकारी आहे, हा कायदा त्याला लागूच होत नाही. गाई खरंच आनंदी आहेत का हा मुद्दा कोर्टापुढे आलाच नाही.

मग खरा शेतकरी दिसतो कुठे? त्याला विकायच्या जाहिरातीत. दुपारच्या बाजारभावाच्या बातम्यांच्या आधी फार्म रेडिओवर, शेतीच्या मासिकांत, बियाण्याच्या मीटिंगमध्ये. तिथे देव नाही आणि बार्न नाही, तिथे एकरी किती बुशेल (धान्याचं अमेरिकन माप) उतारा, वादळात मका लोळला का, आणि आत्ता बुकिंग केलं तर किती टक्के सूट. बियाण्याची आमची खरी लढाई काढणी संपता संपता असते, कारण पुढच्या वर्षीचं बियाणं तो तेव्हाच ठरवतो. अशा अ‍ॅडमध्ये मी एकदा फक्त उताऱ्याचा तक्ता छापला होता, फोटोच नाही, करिअरमधली सगळ्यात जास्त चाललेली अ‍ॅड ती. आणि फुकट वाटलेल्या बियाणं कंपनीच्या टोप्या, त्याच्याएवढी परिणामकारक जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. फक्त बऱ्याचदा तो टोपी एका कंपनीची घालतो आणि पेरतो दुसरीचं, हे आम्हाला चांगलं माहीत असतं.

जाहिरातीला शेतकऱ्याने वापरून घेतल्याचंही एक जुनं उदाहरण आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगची मेल पाउच तंबाखू कंपनी शेतकऱ्यांच्या बार्नवर हायवेकडच्या बाजूला आपलं नाव रंगवायची. बदल्यात वर्षाला एक दोन डॉलर, थोडी तंबाखू, आणि खरा सौदा म्हणजे बार्नला फुकट रंग. हार्ले वॉरिक नावाच्या पेंटरने आयुष्यात हजारो बार्न असे रंगवले. तिथे शेतकऱ्याचं चित्र नव्हतं, त्याच्याबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि पावसात लाकूड टिकलं. आज त्याच बार्नचे फोटो काढून आम्ही "अस्सल अमेरिका" म्हणून विकतो.

त्या आयोवाच्या शेतकऱ्याकडे मागच्या वर्षी परत गेलो होतो, दुसऱ्या कामासाठी. आमची ती अ‍ॅड त्याने फ्रेम करून शेडमध्ये लावलीय, भल्यामोठ्या ट्रॅक्टरच्या शेजारीच. खाली मार्करने एक ओळ लिहिलीय, शर्ट भाड्याचा, ट्रॅक्टर भाड्याचा, सफरचंदं वॉलमार्टची, बायको माझीच.